केडल्स्टन हॉल : पाहुण्यांसाठी बांधलेले घर

इंग्लंडमधील जुन्या जमीनदार घराण्यांची शेकडो प्रशस्त घरे आज तिकीट काढून पाहता येतात, आणि त्यांपैकी बहुतेक घरांत हिंडताना घरातली माणसे बाहेर गेल्याची संधी साधून आपण त्यांच्या खासगी खोल्यांत शिरलो आहोत, असा थोडाफार संकोच मनात राहतोच. डर्बीशर परगण्यातील केडल्स्टन हॉलमध्ये तो संकोच वाटत नाही, कारण हे घर पहिल्या दिवसापासून परक्यांना दाखवण्यासाठी बांधलेले आहे. मालक आणि त्याचे कुटुंब राहत असे ते बाजूच्या पाखेत, म्हणजे मुख्य इमारतीला जोडलेल्या लहान इमारतीत. मधली भव्य इमारत ही पाहुण्यांची, चित्रांची, पुतळ्यांची आणि मालकाच्या अभिरुचीच्या प्रदर्शनाची जागा होती. अडीचशे वर्षांपूर्वी घोडागाडीतून उतरणाऱ्या प्रवाशाला जी दालने दाखवली जात, त्यांतील बहुतेक दालने जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचे तिकीट घेणाऱ्याला आजही पुष्कळशा मूळ सामानासह पाहता येतात. वास्तुकलेची आवड असलेल्या मराठी प्रवाशाने लंडनबाहेरचे असे एकच घर पाहायचे ठरवले, तर ते हे असावे असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र वरची दालने पाहून तळमजल्यावरच्या संग्रहालयात उतरल्यावर भारतीय माणसाला जी अस्वस्थता येते, तीही त्याच तिकिटात येते, हे आधीच सांगितलेले बरे.

घराचा इतिहास थोडक्यात असा. कर्झन घराणे मूळचे नॉर्मंडीचे, आणि केडल्स्टनची जमीन त्यांच्याकडे बाराव्या शतकापासून आहे. १७५८ साली तिशी ओलांडलेले सर नॅथॅनिएल कर्झन वारस झाले, तेव्हा तेथे सुमारे १७०० साली बांधलेले एक चांगले, विटांचे घर उभे होते. ते पाडण्यासारखे काही झालेले नव्हते. परंतु याच परगण्यात डेव्हनशरच्या ड्यूकचे चॅट्सवर्थ होते. ड्यूक व्हिग पक्षाचे आणि कर्झन विरोधी टोरी पक्षाचे, त्यामुळे चॅट्सवर्थच्या तोडीचे घर बांधणे हा केवळ हौसेचा प्रश्न राहिला नव्हता. जुने घर पाडले गेले. दारासमोरून जाणारा हमरस्ता दूर वळवण्यात आला. केडल्स्टन हे गावच उचलून उद्यानाच्या हद्दीबाहेर बसवण्यात आले, आणि मूळ जागी राहिले ते फक्त गावाचे मध्ययुगीन चर्च, जे आज गावाविना, घराला जवळजवळ चिकटून उभे आहे. धरणाखाली गाव जाऊन देवळाचे शिखर तेवढे दिसत राहावे, असे दृश्य पाहिलेल्या माणसाला या चर्चचे एकटेपण लगेच कळते. फरक इतकाच, की येथे गाव हलले ते पाण्यासाठी नव्हे, एका माणसाला आपल्या खिडकीतून मोकळी हिरवळ दिसावी म्हणून.

बांधकाम १७५९ साली सुरू झाले आणि त्यावर एकामागून एक तीन वास्तुविशारदांनी काम केले. पहिले मॅथ्यू ब्रेटिंगहॅम. त्यांनी ईशान्येची, म्हणजे कुटुंबाने राहायची पाख बांधायला घेतली. त्यांच्या पाठोपाठ जेम्स पेन आले आणि उत्तरेकडच्या दर्शनी भागाचा आराखडा मुख्यतः त्यांचा आहे. तिसरे रॉबर्ट ॲडम. हा स्कॉटिश तरुण १७५८ साली इटलीतून परतला होता, रोममधील अवशेष आणि डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरचा डायोक्लिशन बादशहाचा राजवाडा मोजून-रेखाटून आला होता, आणि त्याला सुरुवातीला काम मिळाले ते फक्त उद्यानातल्या लहानसहान इमारतींचे. वर्ष-दोन वर्षांत त्याने मालकाचे मन असे जिंकले, की १७६० पासून सगळा प्रकल्पच त्याच्या हाती आला. वयाने आणि अनुभवाने मोठे असलेले दोघे बाजूला झाले. ही काही वास्तुकलेच्या इतिहासातील फार सभ्य घटना नव्हे, परंतु तिच्यामुळेच घराला दोन चेहरे मिळाले आणि ते दोन्ही चेहरे पाहणे हाच केडल्स्टनचा पहिला आनंद आहे.

उत्तरेचा चेहरा पाहुण्यांचा. लांबवर पसरलेल्या उद्यानातून, तळ्यावरच्या ॲडमने बांधलेल्या तीन कमानींच्या पुलावरून रस्ता येतो आणि समोर सहा उंच कोरिंथियन स्तंभांची देवडी दिसते. मधली मुख्य इमारत, तिच्या दोन्ही बाजूंना चतुर्थांश वर्तुळात वळत गेलेल्या जोडमार्गिका, आणि त्या मार्गिकांच्या टोकाला दोन स्वतंत्र पाखा, अशी ही मांडणी आहे. इटालियन वास्तुविशारद पॅलाडिओ याने आखलेल्या, पण कधीच पूर्ण न झालेल्या एका ग्रामीण प्रासादाच्या आराखड्यावर ती बेतलेली आहे. मूळ योजनेत अशा चार पाखा होत्या. उत्तरेच्या दोन बांधून झाल्या; दक्षिणेच्या दोन कागदावरच राहिल्या, कारण मालकाची हौस जितकी मोठी होती तितकी त्याची तिजोरी खोल नव्हती. ही चार पाखांची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

देवडीमागचे दालन ‘मार्बल हॉल’ या नावाने ओळखले जाते, परंतु त्यातले वीस स्तंभ संगमरवराचे नाहीत. ते जवळच्याच प्रदेशात सापडणाऱ्या अलाबास्टर या दगडाचे आहेत. मी या दालनात सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो. सुमारे २५ फूट उंचीचे हे स्तंभ दुतर्फा रांगेने उभे आहेत आणि त्यांच्या अंगावर गुलाबी, तांबूस आणि हिरवट रंगाच्या शिरा अशा धावतात, की एका स्तंभाचा रंग दुसऱ्याशी जुळत नाही. दगड इतका मऊ, की नखाने ओरखडा उठेल. त्यामुळे हात लावू नये ही सूचना येथे शिष्टाचाराची नसून दगडाच्या जिवाची आहे. स्तंभांवरच्या उभ्या पन्हळी ते जागेवर उभे केल्यानंतर, काही वर्षांनी, तशाच उभ्या अवस्थेत कोरण्यात आल्या. एका स्तंभाजवळ जाऊन खालून वर पाहिले, तर पन्हळीची कड शीर्षापर्यंत कोठेही डगमगलेली दिसत नाही, आणि शिडीवर उभे राहून ठिसूळ दगडावर छिन्नी चालवणाऱ्या त्या कारागिराच्या मनगटाचे खरोखर कौतुक वाटते. भिंतींत खिडक्या नाहीत. उजेड येतो तो केवळ छतातल्या झरोक्यांतून, त्यामुळे ढगाळ दिवशी दालन राखाडी दिसते आणि ऊन पडले की त्याच दगडाला अचानक रंग चढतो. इंग्लंडचे आभाळ घटकाभरात रूप बदलते, त्यामुळे थोडा धीर धरला तर बहुधा दोन्ही रूपे पाहायला मिळतात. कोनाड्यांत प्राचीन पुतळ्यांच्या प्रतिकृती आहेत. त्या मूळ शिल्पे नसून साचे घेऊन केलेल्या आहेत, आणि जाणकाराने त्यांच्यासाठी फार रेंगाळण्याचे कारण नाही. जमिनीकडे मात्र जरूर पाहावे. डर्बीशरमध्येच मिळणाऱ्या हॉप्टन वुड या फिकट दगडात इटालियन संगमरवर जडवून केलेली ही फरशी छतावरच्या चुन्याच्या नक्षीइतकीच विचारपूर्वक आखलेली आहे.

मार्बल हॉलच्या पाठीमागे सलून नावाचे गोल दालन आहे. व्यास ४२ फूट, उंची ६२ फूट, वर चौकटींच्या खणांनी भरलेला घुमट आणि त्याच्या माथ्यावर गोल झरोका. नमुना उघडच रोममधल्या पॅन्थिऑन या प्राचीन मंदिराचा. रोममध्ये तो झरोका उघडा आहे आणि पाऊस सरळ आत पडतो. डर्बीशरमध्ये त्याला काच बसवली आहे, आणि हवामान पाहता ॲडमला याबद्दल कोणी दोष देणार नाही. स्तंभांच्या आयताकृती दालनातून घुमटाच्या गोल दालनात जाण्याचा हा क्रम प्राचीन रोमन घराच्या कल्पनेवरून घेतलेला आहे, परंतु त्याचा परिणाम समजायला रोमन इतिहास माहीत असण्याची गरज नाही. पहिल्या दालनात डोळे स्तंभांच्या रांगेबरोबर पुढे ओढले जातात. दुसऱ्यात पाऊल टाकताच पुढे जायला दिशाच उरत नाही आणि मान आपोआप वर होते. गोल भिंतीत बसवलेले दरवाजेसुद्धा भिंतीच्या वळणाबरोबर वळवलेले आहेत. सपाट लाकडी दार बनवणे आणि वर्तुळाच्या कडेवर बसेल असे दार बनवणे यांत सुताराच्या कसबाचा केवढा फरक आहे, हे दार अर्धवट उघडे असताना कडेने पाहिले म्हणजे कळते. कोनाड्यांत यज्ञवेदीच्या आकाराच्या वस्तू दिसतात. त्या ओतीव लोखंडाच्या शेगड्या आहेत. दालन उबदार ठेवायचे, पण शेगडी दिसू द्यायची नाही, हा ॲडमचा बेत. एवढ्या उंच घुमटाखाली त्यांची ऊब कितपत पुरत असेल, याविषयी मला शंका आहे.

या दोन दालनांभोवती बाकीच्या खोल्या गुंफलेल्या आहेत. संगीताची खोली आणि ग्रंथालय यांतून मी लवकर पुढे गेलो. दिवाणखान्यात निळ्या रेशमी कापडाने मढवलेल्या भिंती आहेत आणि जॉन लिनेल या फर्निचरकाराने बनवलेले भलेमोठे सोनेरी कोच आहेत, ज्यांचे हात म्हणून चक्क जलपरी आणि जलपुरुष कोरलेले आहेत. कारागिरी अव्वल, पण अभिरुचीच्या दृष्टीने हे कोच मला घरातील सर्वांत उथळ वस्तू वाटले. ज्या मालकाने बाहेर एवढा संयम दाखवला, त्याने आत येऊन अशी दिवाळी का करावी, हे कळत नाही. त्यापेक्षा राजशयनगृहातला पलंग पाहावा. त्याचे चार खांब ताडाच्या झाडांच्या रूपात कोरलेले आहेत, बुंध्याच्या खडबडीत सालीसकट, आणि वर झावळ्यांचा झुपका आहे. ज्या कारागिराने प्रत्यक्षात ताड कधी पाहिला असण्याचा संभव कमी, त्याने कोरलेले हे झाड कोकणातल्या माणसाला थोडे विनोदी वाटेल, पण देखणे आहे. भोजनगृहातली चित्रे भिंतीवर टांगलेली नाहीत. गिलाव्याच्या पक्क्या चौकटीत बसवून ती भिंतीचाच भाग केलेली आहेत. पुढच्या पिढीने ती सहजासहजी उतरवून विकू नयेत, असा एक फायदा त्यातून आपोआप झाला.

दाखवण्याची ही परंपरा किती जुनी आहे याचा पुरावा घरातच आहे. १७६९ साली या घरातील चित्रांची आणि वस्तूंची छापील यादी निघाली होती, आणि गार्नेट बाई नावाच्या मुख्य कारभारणी ती हातात घेऊन येणाऱ्या प्रवाशांना दालने हिंडवून दाखवीत. त्यांचे चित्र आजही घरात आहे. चित्रकाराने त्यांना यादीची पुस्तिका हातात धरलेल्या, आताच पुढचे वाक्य बोलतील अशा आविर्भावात रंगवले आहे. उमरावांच्या घरात नोकरवर्गातील व्यक्तीचे असे स्वतंत्र चित्र असणे विरळा. आज त्यांची जागा नॅशनल ट्रस्टच्या स्वयंसेवकांनी घेतली आहे. त्यांच्यात निवृत्त मंडळींचा भरणा मोठा असतो. त्यांची पद्धत मला आवडली. ते आपणहून व्याख्यान सुरू करीत नाहीत, पण एक प्रश्न विचारला की गिलाव्यापासून घराण्याच्या भाऊबंदकीपर्यंत सविस्तर सांगतात. म्हणून येथे येणाऱ्याने संकोच बाजूला ठेवून विचारावे. न विचारता चाळीस मिनिटांत फेरी पुरी करणाऱ्याला या घरातले निम्मेही कळणार नाही.

या घरावर टीका करणारेही पहिल्यापासून होते. १७७७ साली प्रसिद्ध इंग्रज कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन आपला मित्र बॉस्वेल याच्याबरोबर येथे आले होते आणि त्यांनी असे मत दिले, की ही इमारत नगरभवन म्हणून उत्तम चालेल. स्तंभांच्या दालनात न्यायाधीश बसतील, गोल दालनात पंच विचारविनिमय करतील आणि वरच्या मजल्यावर कैदी ठेवता येतील. हा शेरा खवचट आहे, पण अगदीच अन्यायाचा नाही. मुख्य इमारतीत निवांत बसावे, पुस्तक वाचावे, मुलांनी खेळावे अशी जागा खरोखरच शोधावी लागते. स्वयंपाकघर वायव्येच्या पाखेत, जेवणाचे दालन मुख्य इमारतीत आणि कुटुंब ईशान्येच्या पाखेत, त्यामुळे वळणदार मार्गिकेतून येणारे अन्न ताटात पडेपर्यंत कितपत गरम राहत असेल, हा प्रश्न कोणत्याही गृहिणीला पडेल. वास्तुविशारदाला पडला नव्हता असे दिसते.

आता दक्षिणेचा चेहरा. पुष्कळ लोक उत्तरेकडून आत जातात, दालने पाहतात, चहा पितात आणि घराला वळसा न घालता परततात. तसे करू नये. येथे ॲडमला पेनच्या आराखड्याचे ओझे नव्हते. त्याने रोममधल्या कॉन्स्टंटाइनच्या विजयकमानीचा दर्शनी भाग उचलला आणि तो थेट घराच्या मध्यभागी आणून बसवला. चार मोकळे स्तंभ, त्यांच्या माथ्यावर पुतळे, मागून डोकावणारा बसका घुमट आणि खाली दोन बाजूंनी वळत उतरणारा जिना. इमारतीच्या रेषांनी पुढे यावे, मागे जावे, उंचवावे आणि उतरावे, म्हणजे दगडाला गती येते, असे ॲडमचे म्हणणे होते, आणि ते म्हणणे शब्दांत वाचण्यापेक्षा या भिंतीसमोरच्या हिरवळीवर उभे राहून लवकर पटते. वर लॅटिन लेख आहे, त्यात १७६५ हे साल आहे आणि हे घर बॅरन स्कार्सडेल, म्हणजेच सर नॅथॅनिएल, यांनी मित्रांसाठी आणि स्वतःसाठी उभारल्याचे सांगितले आहे. मित्र आधी आणि आपण नंतर, हा क्रम मला प्रामाणिक वाटला. या बाजूच्या दोन पाखा न झाल्यामुळे दक्षिणेची इमारत थोडी उघडी पडल्यासारखी दिसते, हे मात्र कबूल करायला हवे.

त्या न झालेल्या पाखा पाहायच्या असतील तर डर्बीशर सोडून कोलकात्याला जावे लागते. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली याने १७९९ ते १८०३ या काळात कलकत्त्यात स्वतःसाठी जे सरकारी निवासस्थान बांधवले, आणि ज्यात आज पश्चिम बंगालचे राज्यपाल राहतात, त्याचा आराखडा केडल्स्टनवरून घेतलेला आहे. वास्तुरचनाकार कॅप्टन चार्ल्स वायट हा बंगाल इंजिनियर्समधला अधिकारी. त्याचा चुलता सॅम्युएल वायट केडल्स्टनच्या बांधकामावर देखरेखीला होता. इंग्लंडमधल्या उमरावाला ज्या चार पाखा परवडल्या नाहीत, त्या चारही पाखा कंपनी सरकारच्या तिजोरीतून, म्हणजे बंगालच्या महसुलातून, हुगळीच्या काठी बांधून झाल्या. खर्चाचा आकडा पाहून लंडनमधले कंपनीचे संचालक भडकले, ही गोष्ट वेगळी. मोकळ्या पाखांमुळे चारही बाजूंनी वारा खेळतो म्हणून हा आराखडा कलकत्त्याच्या हवेला केडल्स्टनपेक्षाही जास्त मानवला, असे म्हणायला हरकत नाही. स्वयंपाकघराचा घोळ मात्र तेथेही सुटला नाही. व्हाइसरॉयची पत्नी लेडी डफरिन हिने पुढे लिहून ठेवले आहे, की स्वयंपाकघर कलकत्त्यात कोठेतरी आहे, पण या घरात नाही.

ज्या मुलाचा जन्म १८५९ साली केडल्स्टनमध्ये झाला, तो चाळिसाव्या वर्षी त्याच आराखड्याच्या घरात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय म्हणून राहायला गेला. हा जॉर्ज नॅथॅनिएल कर्झन. त्याची १८९९ ते १९०५ ही कारकीर्द मराठी वाचकाला शाळेपासून माहीत असते ती बंगालच्या फाळणीमुळे. त्या फाळणीविरुद्धच्या स्वदेशी आणि बहिष्काराच्या चळवळीला लोकमान्य टिळकांनी महाराष्ट्रात जोर दिला आणि १९०५ साली पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. त्याच कर्झनने पुरातत्त्व खात्याला नवे बळ दिले, १९०२ साली जॉन मार्शल यांना त्याचे प्रमुख नेमले आणि १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा आणला. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या अहमदाबादेत सिदी सय्यदच्या मशिदीत सरकारी कचेरी भरत असे; ती उठवून मशीद मोकळी करवली तीही यानेच. जुन्या वास्तूंवर त्याचे प्रेम खरे होते. माणसांबद्दल तेच म्हणता येत नाही. हे दोन्ही कर्झन तळमजल्यावरच्या संग्रहालयात एकत्र भेटतात.

हे संग्रहालय त्याच्या इच्छेप्रमाणे, त्याच्या मृत्यूनंतर, १९२७ साली येथे मांडले गेले. व्हाइसरॉय होण्याआधीच्या आशियातील प्रवासात गोळा केलेल्या आणि पदावर असताना मिळालेल्या वस्तू त्यात आहेत: हस्तिदंत, चांदी, शस्त्रे, कापड, मूर्ती. सर्वांत जास्त गर्दी असते ती मोरपिसांच्या पोशाखाभोवती. १९०३ च्या दिल्ली दरबारानिमित्त लाल किल्ल्यात झालेल्या नृत्यसमारंभात कर्झनची अमेरिकन पत्नी मेरी हिने तो घातला होता. भरतकाम दिल्लीच्या जरदोजी कारागिरांचे, शिवण पॅरिसच्या वर्थ या शिंप्याच्या पेढीची. जरा वाकून पाहिले तर सोन्या-चांदीच्या तारेने भरलेली पिसे एकमेकांवर कौलांसारखी चढवलेली दिसतात, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात जो निळसर हिरवा तुकडा चमकतो तो खडा नाही, भुंग्याच्या पंखाचे कवच आहे. शंभरहून अधिक वर्षांनी जर काळवंडली, कवचांचा रंग मात्र तसाच आहे. पोशाखाचे वजन साडेचार किलोच्या आसपास. वरच्या ॲडमच्या साऱ्या दालनांत याच्या तोडीचे हातकाम मला दिसले नाही, आणि हे मी अभिमानाने म्हणत नाही, निरीक्षण म्हणून सांगतो.

परंतु त्या कपाटासमोर उभे असताना हेही आठवते, की या दरबाराच्या केवळ तीन वर्षे आधी, १८९९-१९०० मध्ये, गुजरात आणि दख्खनसह मुंबई इलाख्यात भीषण दुष्काळ पडला होता आणि मुंबई-पुण्याची प्लेगची साथ अजून ओसरलेली नव्हती. दरबाराच्या उधळपट्टीवर त्याच वेळी टीका झाली होती. संग्रहालयाची रचना मुळात एका माणसाच्या कर्तृत्वाची साक्ष म्हणून झालेली आहे. देणाऱ्या संस्थानिकाचे नाव टिकते, वस्तू घडवणाऱ्या हाताचे क्वचितच. नॅशनल ट्रस्टने २०२० साली आपल्या ताब्यातील वास्तूंचा वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेला संबंध सांगणारा अहवाल काढला, त्यात केडल्स्टनचाही समावेश आहे, आणि त्यावरून ब्रिटनमध्ये मोठा गदारोळ झाला. मला स्वतःला तो अहवाल उशिरा आलेला पण योग्य वाटतो. ज्यांना वाटते की घराचे सौंदर्य पाहताना राजकारण मध्ये आणू नये, त्यांनी एवढेच पाहावे, की या घरात हे दोन्ही एका जिन्याच्या अंतरावर आहे आणि ते अंतर कर्झननेच ठरवलेले आहे.

चर्च चुकवू नये. ते घराच्या व्यवस्थापनात येत नाही, चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट ही वेगळी संस्था ते सांभाळते, त्यामुळे उघडण्याच्या वेळा वेगळ्या असू शकतात. दक्षिणेचे दार नॉर्मन काळचे आहे आणि आत कर्झन घराण्याची कित्येक शतकांची थडगी आहेत. मेरी १९०६ साली वारली. तिच्यासाठी कर्झनने जी. एफ. बॉडली यांच्याकडून एक स्मारक-दालन बांधून घेतले. पायाखाली हिरव्या स्फटिकी दगडाची फरशी, भोवती लोखंडी जाळ्या, आणि मध्ये बर्ट्राम मकेनल या शिल्पकाराने घडवलेली तिची संगमरवरी निद्रिस्त मूर्ती. पुढे शेजारी कर्झनची स्वतःचीही मूर्ती आली. ताजमहालाच्या दुरुस्तीवर एवढे मन लावलेल्या माणसाने पत्नीसाठी असे स्मारक उभारावे, हा योगायोग नसावा, असे मला वाटते. कारागिरी निर्दोष आहे, तरीही लहानशा ग्रामीण चर्चच्या मानाने हे दालन फार श्रीमंत वाटते आणि मूळ वास्तूचा तोल त्याने बिघडतो.

१९८७ साली घर आणि उद्यान नॅशनल ट्रस्टकडे आले, ते वारसा कराचा बोजा कुटुंबाला पेलवेना म्हणून. राष्ट्रीय वारसा निधीने त्यासाठी सुमारे १ कोटी ३५ लाख पौंड दिले. घराण्यातील मंडळींचा निवास अजूनही एका पाखेत आहे, म्हणजे मूळ योजना पाहुण्यांच्या दृष्टीने आणि मालकांच्या दृष्टीनेही आजपर्यंत चालू आहे म्हणायची.

जाण्याविषयी थोडे. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकातून डर्बीला रेल्वेने साधारण दीड तास लागतो. पुढचे चार-पाच मैल मोटार किंवा टॅक्सीने जाणे सोयीचे; सार्वजनिक वाहनावर विसंबून जाणाऱ्याने वेळापत्रक नीट तपासून मगच निघावे. उद्यान वर्षभर उघडे असते, परंतु मुख्य दालने हंगामानुसार आणि ठरावीक वारीच उघडतात, म्हणून तिकिटाआधी ट्रस्टच्या संकेतस्थळावर तारीख पाहणे आवश्यक आहे. ज्यांना जिने चढणे अवघड आहे, त्यांनी आधी विचारणा करून ठेवावी, कारण या घराची शोभाच पहिल्या मजल्यावर आहे. रेशमी कापड जपण्यासाठी काही खोल्यांतील पडदे ओढलेले असतात. अंधाराला डोळे सरावायला दोन मिनिटे द्यावी लागतात. उपाहारगृह जुन्या स्वयंपाकघराच्या बाजूला आहे आणि सूप, स्कोन, चहा असा नॅशनल ट्रस्टचा नेहमीचा बेत असतो, त्यामुळे शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, इतपतच. घर आणि संग्रहालय यांना तीन तास, उद्यानाला, तळ्याकाठच्या ॲडमच्या मासेमारीच्या बंगलीसह, आणखी दोन तास धरावेत.

अनेक सहल कंपन्या केडल्स्टन आणि चॅट्सवर्थ एकाच दिवसात उरकतात, ते टाळावे. चॅट्सवर्थ हे पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेले, वस्तूंनी गच्च भरलेले घर आहे आणि त्याच्यानंतर केडल्स्टन रिकामे वाटते. दुसरे घर पाहायचेच असेल तर त्याच परगण्यातले हार्डविक हॉल घ्यावे. ते केडल्स्टनच्या पावणेदोनशे वर्षे आधी, एका कर्तबगार विधवेने बांधवलेले आहे, भिंतींपेक्षा काचच जास्त अशी त्याची ख्याती आहे, आणि स्तंभ, घुमट, रोम यांचा आधार न घेताही इंग्रज कारागीर केवढी मजल मारत होते हे तेथे दिसते.